ड्रायव्हरचा चहा

खुशालरावांनी चहाचा दुसरा ग्लास स्वतःच्या हातानं नितेशपुढे धरला.

"पेऊन घे. गाडी तुले चालवाची हाये, आमाले नाई."

नितेशनं बायकोकडे पाहिलं. अश्लेषानं नकारार्थी मान हलवली, पण इतकी हळू की टपरीवर दुसऱ्या कोणाला दिसू नये. बापाच्या हातातला ग्लास परत करायचा, तोही सोयरीक जुळवून आणणाऱ्या भगवंतरावांसमोर, एवढी छाती नितेशची कधीच नव्हती. त्यानं तो उभ्या उभ्या संपवला.

लांबच्या रस्त्याला निघालं की आधी ड्रायव्हरला चहा आणि मग बाकीच्यांना, हा खुशालरावांचा कायदा होता. भाड्याची गाडी असो की घरची, त्यात सूट नाही. अमरावतीतून निघताना झाला, बडनेऱ्याला झाला, आणि आता मूर्तिजापूरला वर दुसरा ग्लास. शिवाय वाटेत लागलाच तर म्हणून घरून भरून आणलेला थर्मास त्यांच्या पायाशी होताच. अकोल्याला संध्याकाळी पौर्णिमाचं, म्हणजे नितेशच्या बहिणीचं, साक्षगंध होतं. बाकीची मंडळी सकाळीच पुढे गेली होती.

गाडी हायवेला लागली. पुढे नितेशच्या शेजारी भगवंतराव. मागे खुशालराव, मध्ये नवी साडी सांभाळत पौर्णिमा आणि डाव्या खिडकीशी अश्लेषा. तिथून तिला नवऱ्याचा अर्धा चेहरा आणि स्टिअरिंगवरची बोटं दिसत होती. मे महिन्याचं ऊन काचेवर आदळत होतं आणि दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी रानं रिकामी पडली होती.

नितेशच्या चळवळेपणाला गेल्या वर्षी अमरावतीच्या एका डॉक्टरांनी नाव दिलं होतं, एडीएचडी. लहानपणापासून तो एका जागी बसला नाही, एक वाक्य सोडून दुसरं धरायचा, चाव्या फ्रिजमध्ये ठेवायचा. डॉक्टरांनी चहाकॉफीचंही विचारलं होतं. काही जणांना त्यानं तरतरीऐवजी सुस्ती येते, सगळ्यांना नाही, तुमचं काय, असं म्हणाले होते. नितेश हसत सुटला होता. कॉफी घेतली की तो दुकानात काउंटरवर डोकं टेकून झोपायचा आणि आयुष्यभर स्वतःला आळशी समजत आला होता. त्या दिवशी घरी येताना तो गाडीवर गाणं म्हणत होता. पण ही गोष्ट दोघांपुरतीच राहिली. पौर्णिमाचं लग्न व्हायचं होतं. भाऊ डोक्याच्या डॉक्टरकडे जातो एवढं कळलं असतं, तरी पाहुण्यांनी बहिणीकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं असतं.

मूर्तिजापूर येईपर्यंत नितेश स्टिअरिंगवर बोटं वाजवत होता, गाणी बदलत होता, ट्रकांच्या मागचा मजकूर मोठ्यानं वाचत होता. आता बोटं थांबली होती. एरवी त्या टकटकीनं अश्लेषाचं डोकं उठायचं. आज टकटक थांबताच ती पुढे सरकून आरशात त्याचे डोळे शोधू लागली.

"पाहा भगवंतराव," खुशालराव खुशीत म्हणाले, "चहा पडला पोटात की पोरगं कसं सुतासारखं सरळ होते."

"खरी गोष्ट," भगवंतराव म्हणाले. "मले वाटलं होतं, जरासा धांदरट हाये. पन नाई. शांत मानूस हाये."

हा शब्द अकोल्यात पोचणार होता. खुशालरावांनी मिशीवरून बोट फिरवलं.

"अहो, गाणं लावा ना," अश्लेषा म्हणाली.

"हं."

त्याचा हात हलला नाही.

"मामाजी, जरा थांबाचं का? पाय आखडून राहिले," तिनं सासऱ्यांना विचारलं.

"आताच त थांबलो, बाई. पाव्हणे वाट पाहून राहिले तिकडे."

नितेशची पापणी खाली आली, वर गेली. पुन्हा खाली आली आणि या वेळी बराच वेळ वर गेली नाही. गाडी मात्र झुलत नव्हती, धक्का देत नव्हती. ती हळूच, कोणाला कळू न देता, रस्त्याची पांढरी पट्टी ओलांडत होती. पुढे कडेला एक ट्रक बंद पडला होता आणि त्याच्यामागे खूण म्हणून बाभळीच्या फांद्या टाकल्या होत्या.

फांद्या चाकाखाली कडाकडा मोडल्या.

"नितेश!"

सासऱ्यांसमोर तिनं नवऱ्याला नावानं हाक मारली होती. नितेशनं स्टिअरिंग ओढलं. ट्रकचा कोपरा भगवंतरावांच्या काचेजवळून गेला आणि गाडी पुढे जाऊन कडेच्या मुरमात थांबली. पौर्णिमा दोन्ही हातांनी पुढची सीट धरून थरथरत होती.

"उनानं डोया लागला असन," खुशालराव शेवटी म्हणाले. त्यांनी थर्मासचं झाकण काढून त्यात चहा ओतला आणि पुढे केला. "घे, पेऊन घे. मंग निघू."

अश्लेषानं त्यांचा हात धरला. लग्नाला सात वर्षं झाली, पण मामाजींचा हात तिनं कधी धरला नव्हता.

"नाई, मामाजी. यायले चहा देऊ नका."

"काहून?"

तिनं पुढच्या सीटकडे पाहिलं. भगवंतराव मागे वळले नव्हते, पण त्यांचं रुमालानं मान पुसणं तेवढं थांबलं होतं. ऊन लागलं म्हणावं, पित्त म्हणावं. पण मग पुढच्या टपरीवर पुन्हा ग्लास आला असता.

"चहानंच झोप येते यायले. डॉक्टरांनी सांगितलं हाये. एडीएचडी म्हनते त्याले. जन्माचंच असते."

"कोन्ता डॉक्टर?"

"डोक्याचा."

खुशालरावांनी मुलाकडे पाहिलं. नितेश स्टिअरिंगकडे पाहत होता.

"मी सांगनारच होतो, बाबा."

"कवा?"

"पौर्णिमाचं लगन झाल्यावर."

हे बोलून गेल्यावर त्याला कळलं की आपण काय बोललो. अश्लेषानं डोळे मिटून घेतले. सगळे जिवंत होते याचा आनंद व्हायला हवा होता, तो झालाही, पण त्याच्या जोडीनं भीतीही आली.

भगवंतराव दार उघडून खाली उतरले आणि वळसा घालून नितेशच्या बाजूला आले.

"सरका तिकडे. मी घेतो गाडी." मग मागच्या काचेतून वाकून म्हणाले, "तो चहा त्या पोरीले द्या. कशी थरथरून राहिली."

खुशालरावांच्या हातातला चहा पौर्णिमानं घोट घोट घेत संपवला.

गाडी निघाली. भगवंतराव बेताच्या वेगानं, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून चालवत होते. खुशालराव थर्मास मांडीवर घेऊन बाहेर पाहत बसले. नितेश पुढच्या सीटवर झोपला होता आणि आता त्याला कोणी उठवत नव्हतं. बोरगाव मंजू मागे पडलं.

"जन्माचं असते म्हन्ता," भगवंतराव एकदम म्हणाले. "म्हंजे घरान्यात असते काय जी, खुशालराव?"

खुशालरावांनी थर्मासचं झाकण आणखी घट्ट फिरवलं.

भगवंतरावांनी एका हातानं आरसा जरा खाली केला. अमरावतीपासून ते पौर्णिमाला पोरी म्हणत होते.

"पौर्णिमाबाई, तुमाले कसं होते हो चहा घेतल्यावर?"

उत्तर आलं नाही. अश्लेषानं वळून पाहिलं. खुशालरावांनीही पाहिलं. मग तिघांची नजर आरशात एकमेकांना भेटली आणि बाजूला झाली.

अश्लेषानं नणंदेला कोपरानं हळूच ढोसलं. पौर्णिमानं डोळे न उघडता डोकं तिच्या खांद्यावर आणखी नीट ठेवलं.