परसातली वाट

“बाई, दार उघड ना. मी होय, बुधरी.”

कमळाच्या हातातला झारा कढईवरच थांबला. मागचं दार आतून लावलेलं होतं आणि परसापलीकडच्या तारेच्या फाटकाची किल्ली आत खुंटीवर होती. पुढच्या खोलीत तिचे यजमान गुणवंतराव नागपूरहून आलेल्या साहेबांना सांगत होते, “या रानात पहिल्यापासून वस्ती नव्हतीच, साहेब. निव्वळ जंगल. आम्ही कॉलनीवाल्यांनीच तार लावून राखलं.”

निव्वळ जंगल! बावन साली चांद्याच्या परकोटाबाहेर ही कॉलनी नवी उठली, तेव्हा मागच्या मोहाच्या झाडांखाली गोंडांची घरं होती. त्याच पावसाळ्यात कमळाला कळा सुरू झाल्या. नाल्याला पूर आलेला, शहरातून सुईण येईना. तेव्हा ही बुधरीच चिखल तुडवत धावून आली होती. दिवाकरची नाळ तिनंच कापली.

पुढं रान राखीव झालं आणि वस्ती पार सावली गावाकडे हलवली. कॉलनीच्या सभेत कुणी हूं की चूं केलं नाही. कमळाही बायकांत मान खाली घालून बसून राहिली. जाताना बुधरीनं तिला एवढंच विचारलं होतं, “माहा माणूस मेला तवा त्याच्या नावानं मांडला तो गोटा त्या मोहाखाली हाय. नवं फूल पडलं का त्याले द्याले येईन. तिकडून चौकीदार जाऊ नाई देत. तुह्या परसातून जाऊ देशील ना?”

“देईन ना वं. काऊन नाई?” कमळा म्हणाली होती.

दार पुन्हा वाजलं. गुणवंतराव लगबगीनं आत आले. “कोण आहे?”

“बुधरी होय. गोट्याले फूल वाहाले आली. जाऊ द्या ना तिले.”

“आत्ताच? साहेब बसले आहेत. माही बढती त्यायच्या हातात आहे. उघडू नको.”

कमळानं पुरी तेलात सोडली. बाहेर भिंतीला टेकून कुणी बसल्याचं जाणवलं, मग तेही नाही. पुऱ्या चांगल्या फुगल्या होत्या. साहेबांनी जाताना आवर्जून तसं सांगितलं.

जीप गेल्यावर तिनं दार उघडलं. पायरीवर कुणी नव्हतं. कुंपणाच्या अलीकडे, तारेला अगदी लागून, पळसाच्या पानावर मोहाची फुलं ठेवलेली होती.

गुणवंतरावांना बढती मिळाली. पुढच्या चैत्रात मोह फुलला तेव्हा कमळानं मागचं दार आणि तारेचं फाटक दिवसभर सताड उघडं ठेवलं. बुधरी आली नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. तेव्हा कमळा नागभीडला माहेरी जाते म्हणून घरून निघाली आणि दिवाकरला घेऊन सावलीच्या मोटारीत बसली.

विचारत विचारत ती नव्या वस्तीत पोचली. बुधरी अंगणात बसली होती. तिची नजर अधू झाली होती, पण आवाजावरून तिनं ओळखलं. चटई टाकली, लोटाभर पाणी दिलं, पोराला जवळ ओढून त्याच्या तोंडावरून हात फिरवला.

“बुधरीबाई, त्या दिवशी मी घरीच होती.”

“मले ठाव हाय. तेलाचा वास येत होता.”

कमळानं लोटा खाली ठेवला. तिनं विचारलं, “मग परत काऊन नाई आली?”

“इथीच दुसरा गोटा मांडला. त्याले म्हटलं, आता तूच ये इकडं.”

“आला?”

“कोनाले मालूम?” बुधरी म्हणाली आणि पोरासाठी रानातली पिकली टेंभरं काढायला आत गेली.

निघताना ती सडकेपर्यंत सोबत आली. उन्हाचा कडाका होता, झाडाचं नाव नव्हतं. कमळा म्हणाली, “तू जा ना आता घरी. मोटार कवा येते, काय मालूम.”

“पाहुन्याले सडकेवर एकटं नाई सोडत.”

मोटारीचा पत्ता नव्हता. बुधरीनं आपला पदर दिवाकरच्या डोक्यावर धरला आणि तशीच उभी राहिली.