कोपऱ्यातली गोगलगाय

ऑफिसात सगळे त्याला दाजी म्हणत, कारण साहेब त्याला दाजी म्हणत. साहेब म्हणजे त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. नवरा, बायको आणि साहेब, तिघंही एकाच मजल्यावर मेमरी चिपच्या आखणीचं काम करायचे. कुठला भाग कुठे बसेल, कुठली तार कुठून जाईल, ते स्क्रीनवर रंगीत पट्ट्यांनी काढायचं. केसाच्या जाडीत यांची अख्खी गल्ली मावायची.

त्या वर्षी वरून हुकूम आला. तीच मेमरी, पण चार टक्के लहान आणि वीज पंधरा टक्के कमी. चिप लहान झाली की तारा आखूड होतात, तारा आखूड झाल्या की वीज कमी लागते. शिवाय व्होल्टेजही खाली आणायचं ठरलं. त्याने महिनाभर इकडून खरवड, तिकडून सरकव असं केलं. शेवटी चार मायक्रॉनचा एक पट्टा कमी करायचा राहिला, तो काही केल्या निघेना.

"ताईची गोगलगाय काढा की," साहेब म्हणाले. "एका फुकट्या किड्यासाठी मी वर जाऊन सांगू का, जागा नाही म्हणून?"

गोगलगाय कोपऱ्यात होती. आखणी करणारे लोक रिकाम्या कोपऱ्यात धातूच्या थरात कधीकधी असं एखादं चित्र काढून ठेवतात. ते सूक्ष्मदर्शकाशिवाय कुणाला दिसत नाही आणि त्याचा काही उपयोगही नसतो. लग्नाच्या वर्षी तिने ही काढली होती. "हा तू," ती म्हणाली होती. "तू जेवायला बसलास की बाकीच्यांची भांडी घासून होतात." तेव्हापासून प्रत्येक नव्या चिपमध्ये तिच्या भागाबरोबर गोगलगायही यायची.

आता ती पाच आठवडे दवाखान्यात होती. लॅपटॉप उशाशी होता. पहिले दोन आठवडे तिने थोडं काम केलं, मग बोटं ऐकेनाशी झाली.

"काढली नाहीस ना?" त्या मंगळवारी तिने विचारलं.

"नाही."

"धाकटा सांगेल काढायला. आणि तू ऐकशील. तू सगळ्यांचं ऐकतोस."

"नाही काढणार."

"बघ हं," ती म्हणाली आणि झोपली.

त्याने तिच्या पलंगाजवळच्या जेवणाच्या टेबलावर तिचा लॅपटॉप उघडला. तिचा भाग तिच्याच नावाने उघडायचा. मेमरीतून येणारा इशारा फार दुबळा असतो. तो शून्य आहे की एक, हे ठरवणाऱ्या जोड्या तिने आखलेल्या होत्या. दोन सारखे ट्रान्झिस्टर शेजारी शेजारी, आणि त्या जोडीच्या दोन्ही बाजूंना एकेक डमी, म्हणजे नकली ट्रान्झिस्टर. डमी काही काम करत नाही. फक्त तिच्यामुळे दोन्ही भाऊ कारखान्यात सारखे घडतात. "जुळ्यांपैकी एकालाच उशी दिलीस तर दुसरा रडणारच," असं ती नव्या लोकांना शिकवायची.

त्याने खालच्या बाजूच्या सगळ्या डमी काढल्या. बरोबर चार मायक्रॉन निघाले. तपासणीचा प्रोग्राम चालवला, चूक शून्य. तो प्रोग्राम अंतरं मोजतो, जुळ्यांचं त्याला काही कळत नाही. याला कळत होतं. एवढ्याने काय होतंय, असं म्हणून याने फाइल जतन केली. दुपारचे सव्वातीन वाजले होते.

तेवढ्यात साहेब फळांची पिशवी घेऊन आले.

"ताई झोपलीय?"

"हो."

"बसवलंत?"

"बसलं."

"गोगलगायीसकट?"

"सकट."

"वा! संसारात काही इतकं नेटकं जमलं नाही तुम्हाला." साहेबांनी खोलीबाहेरच्या बाकावर बसून बरोबर आणलेल्या तपासणीच्या कागदावर सही केली. फाइल उघडली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने तिला सांगितलं, "राहिली." ती हसली. नऊ दिवसांनी ती गेली.

चार महिन्यांनी चिप बनून आल्या. साध्या खोलीत ठीक चालल्या. थंड पेटीत ठेवून कमी व्होल्टेज दिलं, तर दहातल्या सहा शून्याला एक वाचू लागल्या. दोन दिवसांत दोष कुठे आहे ते सापडलं. नोंदीत शेवटचा बदल होता मंगळवारचा, सव्वातीनचा, तिच्या नावाचा.

साहेबांनी त्याला एकट्याला बोलावलं आणि दार लावलं.

"दाजी, सव्वातीनला ताई झोपली होती. मी आलो होतो."

त्याने नोंदीचा कागद आपल्याकडे ओढला.

"तुम्ही केलंत. आणि मी न बघता सही केली. म्हणजे दोघांनीही घरी बसायचं."

"मी सांगतो सगळ्यांना. तुमचं नाव नाही घेत."

"तुम्ही सांगितलंत की सही कुणाची हे विचारणारच ते. आजारी माणसाच्या चुकीवर कुणी सह्या शोधत बसत नाही." साहेबांनी पेन उचललं, खाली ठेवलं. "ताईला आता कोण कामावरून काढणार आहे?"

"तिचं काम कधी चुकलं नव्हतं रे."

"म्हणूनच एक चूक माफ होईल तिला. तुम्हाला होणार नाही."

त्याने नाही म्हटलं नाही.

दुपारी सगळे जमले. साहेबांनी अहवाल वाचला. आखणी करणारी व्यक्ती गंभीर आजारी होती, जड औषधं चालू होती, त्या अवस्थेत हा बदल झाला. मग शेजारीण बोलली. अकरा वर्षं ही त्याच्या बायकोच्या शेजारच्या टेबलावर बसायची, म्हणून बायकोने हिचं नावच शेजारीण ठेवलं होतं.

"डमी? तिने? अहो, आम्हाला ओरडून ओरडून शिकवलं तिने ते. झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं."

"आजारपणात माणूस बदलतं," साहेब म्हणाले.

"मरायच्या आदल्या आठवड्यात फोनवर माझ्या चुका काढत होती ती! दाजी, तुम्ही रोज होतात तिथे. तुम्ही सांगा ना यांना."

सगळे त्याच्याकडे बघू लागले. साहेब मात्र कागदाकडे बघत होते.

"शेवटी शेवटी," तो म्हणाला, "तिला काही समजत नव्हतं."

शेजारणीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

मग वरून निर्णय आला. त्याच्या बायकोने हात लावलेलं काहीच आता भरवशाचं नाही. तिचा भाग अख्खा काढून टाकायचा आणि कोऱ्या पानावरून नवा आखायचा. जुनं काहीही उचलायचं नाही. काम शेजारणीकडे गेलं.

ती तीन आठवडे मान खाली घालून बसली. जोड्या तिने आडव्याच्या उभ्या केल्या, दोन्ही बाजूंना डमी ठेवल्या, तारांची वाट बदलली. एका सकाळी तिने त्याला हाक मारली. दाजी नाही म्हणाली. "ऐका," एवढंच म्हणाली.

तो तिच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. सगळं बसलं होतं, चार टक्क्यांहून थोडं जास्तच लहान. तरी कोपऱ्यात गोगलगायीपुरती जागा उरली होती, आठ मायक्रॉन लांब, चार रुंद.

"सगळ्या डमी ठेवून उरलीय," ती म्हणाली. "विचारलं असतंत तर तेव्हाही काढून दिली असती. एका दिवसाचं काम होतं."

तो वाकून त्या कोपऱ्याकडे बघू लागला.

"काढू का काही तिथे?"

ती मागे वळली नव्हती. त्याचं तोंड तिला काळ्या स्क्रीनच्या कडेवर दिसत असणार.

"नको," तो म्हणाला. "वरून जुनं काही नको म्हटलंय. फिलर भर."

तिने एक बटण दाबलं. मशीनने कोपऱ्यात सारखे चौकोन भरले, चार ओळी, आठ आठ.