चुकीचा पांढरा

मी एक जुनं जाळीचं कापड आहे, मित्रांनो. माझ्यात धाग्यांपेक्षा भोकंच जास्त. फडकं म्हणूनही मला कोणी घेतलं नसतं. मला घरी आणलं ते शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी. जन्मभर त्यांनी शाळेचे गणवेश शिवले. तोच निळा, तोच पांढरा. पुढे नवरा गेला, लेक लग्न होऊन दूर गेली, पण हात काही स्वस्थ बसेनात.

खिडकीशी बसून त्या माझ्यावर लोकरीचे छोटे चौकोन भरू लागल्या. फूल नाही, पान नाही. एका रंगाशेजारी दुसरा बसवायचा आणि बघत राहायचं. तांबड्याला हिरवा खेटला की दोघे कडाकडा भांडत. करडा मात्र नारिंगीजवळ निळसर दिसे आणि निळ्याजवळ मातकट. "शेजार बदलला की स्वभाव बदलतो बघ," त्या मला सांगत. बोलायला दुसरं होतं तरी कोण?

लेकीचा फोन येई. "औषध घेतलंस ना, आई?"

"घेतलं गं."

मग घड्याळाची टिकटिक तेवढी उरे.

हळूहळू सुई ओवताना त्यांचे हात चाचपडू लागले. मोतीबिंदू पिकला होता. लेक आली, ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर बाईंनी आधी मलाच उचललं आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"अगं बाई! हा पांढरा नाहीच, पिवळट आहे! आणि हा जांभळा? मी तर तपकिरी समजून भरला!" त्यांनी उसवायला कात्री घेतली.

लेकीने त्यांचा हात धरला. ती कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिली.

"उसवू नकोस, आई. इतके दिवस तुला जग असं दिसत होतं, आणि मी रोज नुसतं औषधाचं विचारत होते."

लेक परत गेली. बाई नव्या नजरेने पुढचे चौकोन भरू लागल्या. फोन लांबू लागले. त्यांत रंगांच्या गप्पा येऊ लागल्या. पण ते सुख फार टिकलं नाही. एके दिवशी सुई माझ्यातच अडकून राहिली आणि बाई गेल्या.

आता मी लेकीच्या कपाटात, पिशवीत असतो. मला लोकर खाणारी कसर लागली आहे. कधीतरी ती मला काढते, त्या चुकीच्या पांढऱ्यावरून बोट फिरवते आणि पुन्हा घडी घालते.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना अधूनमधून ऊन दाखवा. पण त्याआधी, तुमच्या घरात कोणी एकटं बसत असेल, तर शेजारी जाऊन बसा. "तुला कसं दिसतंय?" एवढंच विचारा. आणि उत्तर येईपर्यंत उठू नका.