जिवंत पेशींचा फोटो

“सर, मेल्यात त्या,” शीला मायक्रोस्कोपवरून मान वर न करता म्हणाली.

“चमकतायत ना? मग झालं,” डॉ. खांबेटे म्हणाले. “मालक चमक बघायला येतायत. पेशींच्या मयताला नव्हे.”

साल १९९९. ठाण्यातल्या बाळकुमच्या एका औषध कंपनीची ही प्रयोगशाळा. अतिनील प्रकाशात चमकणारे कॅडमियमचे अतिसूक्ष्म कण पेशीत सोडायचे आणि ती जिवंत असतानाच तिच्या आत काय चाललंय ते बघायचं, हा इथला उद्योग. कण शीलानं बनवायचे, पेशी शीलानं जगवायच्या आणि खांबेट्यांनी परदेशच्या गोष्टी सांगायच्या. त्यांना ठाण्याचं पाणी चालत नसे, ठाण्याची माणसं चालत नसत. इथे मिळणारा मान तेवढा चाले. ठाकुर्लीहून येणाऱ्या शीलाला ते ‘ठाकुर्लीचं टॅलेंट’ म्हणत आणि स्वतःच हसत.

कणांचं विष पेशींना बाधायचं. म्हणून शीला त्यांच्यावर नवी नवी आवरणं चढवून बघत होती. या खेपेला तिला फार आशा होती. सकाळी तिनं थोड्या पेशींवर निळा रंग टाकला. जिवंत पेशी तो आत घेत नाही. इथे सगळ्या निळ्या झाल्या.

मालक फोटोग्राफरला घेऊनच आले. भिंगाला डोळा लावून ओरडले, “वा! एकदम दिवाळी! जिवंत आहेत ना, डॉक्टर?”

“ठणठणीत,” खांबेटे म्हणाले.

“काय मॅडम?” मालकांनी सहज विचारलं.

शीला मायक्रोस्कोपपासून बाजूला झाली. “नाही सर. मेल्यात. मेलेल्या पेशीत कण कुठेही घुसतात, म्हणून एवढं चमकतंय. जगवता येतील, पण अजून वेळ लागेल.”

खांबेट्यांचा चेहरा उतरला. आपली नोकरी गेली, असं शीला धरूनच चालली.

मालकांनी पुन्हा डोळा लावला. “असू दे हो. दिसतंय भारी. काढ रे फोटो, माहितीपत्रकावर टाकू.”

“पण खाली ‘जिवंत’ लिहिणार?”

“मेलेल्याचा फोटो कोण छापतं, मॅडम?”

सगळे हसले. खांबेटे सर्वांत मोठ्यानं, फाशी टळलेल्या माणसासारखे. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं शीलाला वाटलं. जे खोटं उघडं पाडायला ती नोकरी पणाला लावून बसली होती, त्याची इथे कुणाला साधी लाजही नव्हती.

मंडळी जेवायला निघाली तेव्हा तिनं खांबेट्यांना दारात गाठलं. “सर, माझं नाव काढा त्या माहितीपत्रकातून.”

“तुझं नाव होतंच कुठे?” ते म्हणाले आणि मालकांच्या मागे धावले.

शीलानं चमकणाऱ्या पेशींवर ब्लीच ओतलं. हात धुतले. मग उबवणीचं कपाट उघडलं. आत कण न घातलेल्या पेशींच्या बश्या होत्या. त्यांचं गुलाबी खाद्य जुनं होऊन पिवळं पडत चाललं होतं. तिनं ते शोषून काढलं, कोमट ताजं घातलं आणि बशी मायक्रोस्कोपखाली साध्या उजेडात पाहिली.

काहीच चमकत नव्हतं. कडेला एक पेशी मध्येच आवळली जाऊन हळूहळू दोन होत होती.

शीलानं बशी जपून आत ठेवली आणि पुढची घेतली.