सगुणाबाईंच्या बोटावरचा फोड

प्राप्तीचा पालीहून सातवा फोन आला तेव्हा मी थळच्या वळणावर होतो.

"दादा, पोचलात?"

"तू फोन केलास की गाडी थांबवावी लागते. करू नकोस, पोचतो."

सोमवारी यायचं पार्सल शनिवारीच आलं होतं. आमच्या प्रयोगशाळेला सुट्टी, गेट बंद. कुरिअरवाल्याने प्राप्तीला गाठलं, तिने बल्लाळेश्वराच्या रांगेतून घरचा पत्ता दिला आणि खोका तिच्या सासूच्या, म्हणजे मासळी विकणाऱ्या सगुणाबाईंच्या हाती पडला.

खोका मिरवायला काढावा एवढा, आत कुपी वेलदोड्याएवढी. आपल्या पांढऱ्या पेशींच्या अंगावर शत्रू ओळखणाऱ्या प्रथिनांच्या कड्या असतात. त्यातली एक कडी दुसऱ्याच पेशींकडून करवून घेऊन, गोठवून पाठवलेली. एकदा वितळली की भरवसा संपला. मार्चमधली कुपी तशीच वाया गेली. नवी यायला तीन महिने, आणि प्राप्तीच्या प्रयोगाची मुदत दीड महिन्याची. स्टोअरच्या नोंदी आणि किल्ल्या माझ्याकडे, म्हणून हे तोंडपाठ.

सगुणाबाई दारातच उभ्या. "भाऊ, त्या मेल्यानं बर्फ चोरला! एवढा खोका, आत बर्फ न्हाय न् पानी पन न्हाय. वितळला असता तर पानी दिसलं असतं ना?"

"सुका बर्फ तो. त्याचं पाणी होत नाही, उडून जातो."

"उडतो? पाखरू हाय का?"

कुपी त्यांनी लगेच स्टीलच्या डब्यात घातली होती, डबा बादलीभर कुटलेल्या बर्फात, वर जाडं मीठ. माहेर मिठागराचं, मिठाने बर्फ आणखी गार होतो हे त्यांना कुणी शिकवायला नको.

तासाभराने प्राप्ती आली ती चपला न काढताच आत. मी आणलेला थर्मामीटर बर्फात खुपसला. उणे सोळा. कुपीतला थेंबही गोठलेला. तरी तिचा जीव भांड्यात पडेना.

"आत्ता गोठलाय. पण वाटेत वितळला असेल तर? आई, उघडलंत तेव्हा एखादा पांढरा खडा? धूर?"

"सांगितलं ना, न्हाय!" आणि लालसर बोट पदराखाली गेलं.

पोच-फॉर्मवर रकाना होता: खोक्यात सुका बर्फ शिल्लक होता का? 'नाही' लिहिलं की कुपी बाद. प्राप्तीने पेन टेकवलं. माझी नजर पदरावर.

"बोटाला काय झालं, सगुणाबाई?"

"तेल उडलं. मांदेली तळत होते."

शेगडी थंड होती. तवा पालथा, कोरडा.

प्राप्तीने मान वर केली. "आई, आज शनिवार. तुम्ही शनिवार पाळता."

सगुणाबाईंनी पदराखालून हात काढला.

"होता एक खडा. तुरटीवानी. उचलला तर बोटालाच चिकटला. फेकला अंगनात, तिथं धुरत बसला."

"मग सांगायचं नाही?"

"चाळीस वर्सं हात बर्फात हाय माझा! बर्फानं भाजले म्हनून सांगू? बाजारात ती शेजारची केसर मला बसू तरी देल का?"

प्राप्तीने तो फोड असा निरखला, जसा कुणी मुलीचा निकाल बघतो. मग हसली, डोळे पुसले आणि 'हो' लिहिलं.

"पुरावा?" मी विचारलं. पुढचा रकाना तोच होता.

"माझं नाव लिवू नको हां!"

मी लिहिलं: बोट एक, फोड टपोरा.

कुपी खरंच चांगली आहे का, ते मंगळवारच्या चाचणीत कळेल. कुपी प्रयोगशाळेच्या फ्रीजरमध्ये पोचवायला प्राप्ती बर्फाची बादली मांडीवर घट्ट धरून माझ्यामागे बसली. गाडी सुरू केली तोच मागून हाक आली, "डबा परत आना! झाकनासकट!"