मिठाचं पोतं आणि डावा हुक

नम्रताताईला वाटलं होतं, पेणला परत गेल्यावर चामड्याची काळी बॅग मिळेल, छताला साखळी असेल आणि दारात मुलींची रांग लागेल. पंजाबात बॉक्सिंगचं शिक्षण घेऊन ती दिवाळीनंतर गावी आली, तेव्हा तिला मिळाली गणपतीच्या कारखान्यामागची साचे ठेवायची शेड, हसून हसून वाकणाऱ्या चार मुली आणि मी.

मी एक पोतं आहे. मिठाचं.

माझा जन्म दूर बंगालात, तागाच्या गिरणीत झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते वडखळच्या पलीकडचं खाडीकाठचं मिठाचं आगर. धोंडुबाई तिथे लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढायची, माझ्यात भरायची, माझं तोंड शिवायची. माझी किती वेळा उचल झाली, किती पाठींवरून मी ट्रकात चढलो, याची गणती नाही. कुणी मला कधी नीट ठेवलं नाही. टाकलं, ओढलं, आपटलं. शेवटी बूड फाटलं आणि मी धोंडुबाईच्या झोपडीच्या दारात पाय पुसायला पडलो.

तिथून मला नम्रताताईने उचललं. धोंडुबाईची लेक मालू तिच्याकडे बॉक्सिंग शिकायला जाऊ लागली होती, म्हणून ताई घरी आली होती. पोटात भाताचं तूस, चिंध्या आणि मधोमध थोडी वाळू भरून तिने मला सुतळीने शिवलं आणि शेडच्या वाशाला दोराने टांगलं. जन्मात पहिल्यांदा मी माणसांच्या तोंडासमोर आलो. पायाखाली पडलेल्याला कुणी असं उभं केलं, तर तो मार खायलाही आनंदाने तयार होतो. मी झालो.

मारणाऱ्याला हात कसा आहे ते कळत नाही. ज्याला लागतो त्याला कळतं. मुलींचे पहिले ठोसे म्हणजे चापट्याच होत्या. लांबून हात फिरवायच्या, मनगट मुडपायचं, करंगळीकडची हाडं माझ्यावर घासायची. माझ्या धाग्यांत मीठ मुरलेलं, त्यामुळे सोललेल्या जागी झोंबायचं. "पोतं चावलं गो," असं म्हणत मुली बोटं चोखायच्या.

"झोंबू दे," ताई म्हणायची. "दुखलं की समजायचं, आपण शिकतोय."

ती मन लावून शिकवायची. सरळ ठोसा झाला, मग हुक आला. हुक म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारायचा ठोसा. ताईने शेडच्या भिंतीवर खडूने लिहिलं होतं: कोपर खांद्याच्या उंचीला. हात काटकोनात. तळवा जमिनीकडे. मनगट सरळ. आधी टाच फिरेल, मग कंबर, हात शेवटी. दुसरी मूठ गालापाशी.

ती स्वतः मारायची तेव्हा मी दोराला पीळ पडेपर्यंत फिरायचो. उंच होती ती, हातही लांब. मालू मात्र बुटकी. तिला माझ्या अगदी जवळ शिरावं लागे. एवढ्या जवळून तळवा खाली ठेवून ती कोपर उचलायची आणि तिचं मनगट ऐन वेळी आत मुडपायचं. मला दर खेपेला कळायचं. सांगणार कसं?

सव्वीस जानेवारीला रोह्याच्या एका कामगार वसाहतीत मुलींची लढत ठरली होती. स्पर्धा नव्हे, नुसतं प्रात्यक्षिक. मुंबईची एक मुलगी येणार होती, तिच्या वजनाची आमच्याकडे एकटी मालू. कारखान्याचे मालक महादेवकाका ताईला म्हणाले होते, "रोह्यात लोकांनी तुझ्या पोरींना टाळ्या दिल्या, तर शेड तुझी. नाय तर मी साच्यांनी भरतो. माझंही पोट हाय."

या आठवड्यात मालूचा डावा हात माझ्यावर हलकेच पडू लागला. जणू मलाच लागेल म्हणून जपतेय.

काल, चोवीस तारखेच्या संध्याकाळी धोंडुबाई शेडमध्ये आली. पायांना आगराचा चिखल तसाच, मालूला दंडाला धरलेलं.

"ताई, हिचा हात बघितलात? सकाळी मीठ ओढताना दांडा गळला हातातनं."

"थोडी लचक असेल," ताई म्हणाली. "खेळात एवढं चालतं."

"खेळात चालतं. आगरात हात गेला तर काय पायानं मीठ ओढू?"

"आये, एकच दिस हाय गो," मालू म्हणाली.

"तू गप. कशी मारतेस ती दाव."

मालूने हवेत हुक मारून दाखवला. धोंडुबाईला रागातही हसू फुटलं. "ही कुठली तऱ्हा? कोंबडी उडाल्यागत. तळवा खाली कशाला?"

"आम्हाला पंजाबात सरांनी तसंच शिकवलंय," ताई म्हणाली.

"उंच असतील तुमचे सर."

"सहा फूट."

"मग? ही माझ्या काखेत मावते."

धोंडुबाईने पदर खोचला आणि माझ्याजवळ आली. मीठ ओढायचा दांडा धरावा तशी मूठ वळली, अंगठा वर. टाच मातीत फिरली, त्यामागून कंबर, आणि मग मूठ आली. माझ्या पोटातली वाळू जागची हलली. पहिल्या दोन बोटांची हाडं सपाट बसली, मनगट काठीसारखं सरळ. कातडं जरासुद्धा घासलं नाही. इतकी वर्षं त्या हातांनी मला भरलं होतं, पण ते काय आहेत हे मला काल समजलं.

"हात नुसता संगतीनं जातो," ती लाजून म्हणाली. "वढते ती टाच."

ताई मालूजवळ गेली. तिने मालूच्या हातावरची लुगड्याची पट्टी सोडली. मनगट सुजून टम्म झालं होतं.

"कधीपासून?"

"मंगळवारपासून."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्हीच म्हणालात ना, दुखलं की शिकतोय."

ताई खाली बसली. महादेवकाका दारातून म्हणाले, "अगो, उद्याचा दिवस शेकव, परवा उजव्यानं मारील ती. बघणाऱ्यांना काय कळतंय?"

मालू ताईकडे आशेने बघत होती. तिला रोह्याला जायचंच होतं.

धोंडुबाई निघताना म्हणाली, "न्यायची तर न्या. पोरीचं मन मी मोडणार नाय. पण हात तुमच्या हवाली केलाय, येवढं ध्यानात ठेवा."

माणसं आपल्या गुरूचं शिकवणं देव्हाऱ्यातल्या टाकासारखं जपतात, तसंच पुढे देतात. त्यात वाईट काही नाही. पण समोरचा किती उंच आहे, एवढं तरी बघावं. माझं म्हणणं तेवढंच. बाकी माझी तक्रार नाही. मला भरणाऱ्या हातांचे माझ्यावर उपकार आहेत आणि मारणाऱ्या हातांचेही. चापट्या मारणाऱ्या त्या चार मुलींचेही आहेत, कारण रोज माझ्यापाशी येऊन त्या थोड्या ताठ होऊन घरी जायच्या, आणि ते मी डोळे भरून पाहिलंय.

आज सकाळी ताई उजाडताच आली. माझ्याजवळ, अगदी जवळ उभी राहिली. मूठ वळली, अंगठा वर केला. पहिले काही हुक चुकले, तिच्या बोटांची सालं निघाली. ती हसली नाही की थांबली नाही. मग नाक्यावरच्या बूथवरून रोह्याला फोन करून आली आणि महादेवकाकांना म्हणाली, "काका, मालू उतरणार नाही. तुमचे साचे आणा."

"जागा गेली की गो तुझी."

"हो."

काका जरा वेळ घुटमळले. मग मला वाशावरून सोडवताना त्यांनीच दोराची गाठ सैल करून दिली.

आता मी ताईच्या खांद्यावर आहे आणि आम्ही वडखळच्या वाटेला लागलोय. आगराच्या झोपडीत मला टांगायचं तिने ठरवलंय. मालूचं मनगट बरं होईपर्यंत डावा हुक कुणी मारायचा नाही. तोवर ताई रोज सकाळी धोंडुबाईच्या शेजारी खाऱ्या पाण्यात उभी राहून मीठ ओढायला शिकणार आहे.