मुशीचं तेल आणि श्रावण

सगुणाला तिसरा महिना लागला तेव्हाच ती डुलत, कमरेवर हात ठेवून चालायची. पहिल्या खेपेला तिचं मूल अडून गेलं होतं. हाडं मऊ पडलीत, कंबर आणखी दबून वाट अरुंद झाली तर हेही मूल वाचणार नाही, असं इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. लग्न होऊन आल्यापासून ती माजघर सोडून फारशी बाहेर पडलीच नव्हती.

डॉक्टरांनी तिला हफीजाकडे पाठवलं. हफीजा आमच्याच रत्नागिरीची, मजीद तांडेलांची मुलगी. मुंबईत रसायनशास्त्र शिकून ती मुशीच्या, म्हणजे लहान शार्क माशाच्या, यकृताच्या तेलावर संशोधन करायला परत आली होती. त्यातलं ड जीवनसत्त्व हाडांत चुना भरतं, हे तिच्या आधीच माहीत झालेलं. हिचा प्रश्न वेगळा होता.

सगुणाच्या सासूला, हौसाला, तिने एकदा सांगितलं, "मावशी, एवढ्याशा थेंबानं एवढं काम कसं होतं? शरीरातल्या ग्रंथींचे रस रक्तातून जातात, तसंच हेही जात असणार. आणि हाडात, आतड्यात त्याला ओळखणारं कोणीतरी बसलेलं असणार."

"घरचा माणूस आवाज ओळखून कडी काढतो, तसं?"

"तसंच. पण ते दाखवता आलं पाहिजे ना."

त्यासाठी तिला तेल पिणाऱ्या, पण उन्हात न जाणाऱ्या बायका हव्या होत्या. कारण उन्हानेही अंगात तेच जीवनसत्त्व तयार होतं. सगुणा तशी होती. आषाढापर्यंत तिची चाल सुधारली, रक्ताची तपासणीही चांगली आली. तिला मुंबईहून मार्गदर्शन करणारे सर खूश झाले.

श्रावण अर्धा सरला आणि तपासणी बिघडली.

हफीजा घरी आली. सगुणाच्या अंगाला मुशीचा वास येत होता.

"तेल घेतेस ना गो?"

"रोज. दोन चमचे. एकदाही चुकलं नाही."

"कधी पितेस?"

सगुणा सासूकडे बघायला लागली. हौसा म्हणाली, "पिते कसली? श्रावण आहे. पोटात मासळी कशी घालायची? चोळते मी तिच्या पायांना. व्रतही पाळलं गेलं, औषधही चुकलं नाही."

हफीजा म्हणाली, "चोळून पुरत नाही, मावशी. औषध म्हणून प्यायलं तर देव रागावेल?"

"देवाचं मला नको सांगू. त्याला शब्द मी दिलाय."

हफीजाने वाद घातला नाही. रमजानात पाण्याचा घोट न घेणाऱ्या घरात ती वाढली होती. तिने अंगणाकडे बघितलं. पाऊस थांबून ऊन पडलं होतं. हिला उन्हात बसवली की संशोधनातून ती गेली, आणि एवढी चांगली सुधारलेली दुसरी बाई तिच्याकडे नव्हती. नाही बसवली तर कंबर पुन्हा दबणार.

"रविवारी सूर्याची पूजा करता ना तुम्ही?"

"आदित्याची. श्रावणातले सगळे रविवार."

"मग रोज करा. ऊन पडलं की हिला बाहेर बसवा. डोक्यावर पदर राहू दे, पण हात-पाय उघडे. घरात बसून नाही, अंगणात."

"आणि लोक काय म्हणतील?"

"व्रत आहे म्हणा."

हौसाने उरलेला श्रावणभर सुनेला अंगणात बसवली. ढग आला की ती स्वतःच आभाळावर ओरडायची. भाद्रपद लागताच सगुणा नाक दाबून पुन्हा तेल प्यायला लागली. कार्तिकात तिला मुलगी झाली. दोघी सुखरूप.

हौसा साखर घेऊन हफीजाकडे गेली. "तुझ्या कागदात आमची सगुणा कितवी?"

"ती नाही त्यात, मावशी."

"नाही? एवढी भाजली पोर उन्हात!"

"म्हणूनच नाही. उन्हाने सावरली की तेलाने, ते मला आता सांगता येणार नाही."

"मला येतं की. आदित्याने."

हफीजा हसली. "सरांना तसं कळवू?"

"कळव. मी कोणाला भिते? आणि बाटली दे एक. बाळंतीण अजून कठडा धरून जिना उतरते."

हफीजाने साखर तोंडात टाकली आणि कपाटातून बाटली काढून दिली.